पहिल्या रांगेत नव्हतेच ते

विनूकाका गेल्याची बातमी मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. खरं तर ती सकाळीच त्यांच्या पत्नी शैलाकाकूंच्या फोनवरून घरी कळायला हवी होती, पण बाबा तेव्हा दोह्याच्या हमद पोर्टवर कामात होते, आईचा फोन चार्जिंगला होता आणि मी बसमध्ये होते. ग्रुपवर आधी हात जोडलेली चित्रं येऊ लागली, मग सेक्रेटरींचा लांबलचक मेसेज आला. ‘वर्ल्ड कपच्या स्टेडियमचे आपले मराठी शिल्पकार… दुर्धर आजारातही गेल्या हिवाळ्यात आपल्या क्रिकेट फायनलला पहिल्या रांगेत बसून त्यांनी शेवटपर्यंत सामन्याचा आनंद लुटला… वर्ल्ड कप पाहण्याची त्यांची इच्छा मात्र अपुरी राहिली.’ खाली फोटो. व्हीलचेअरमध्ये काका, अंगावर शाल, मांडीवर सेलोफेनमधला भलामोठा बुके, शेजारी सोफ्यावर चीफ गेस्ट. मी बसमध्ये रडले नाही. मला राग आला, आणि तो आज इतक्या आठवड्यांनंतरही उतरलेला नाही. त्या मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खोटी आहे. मी सहसा कुणाला काही सुनवत नाही, चारचौघांत बोलायची वेळ आली तर माझा आवाजच फुटत नाही. पण हे लिहून ठेवायलाच हवं.

विनूकाका माझे सख्खे काका नव्हते. नाशिकला बाबांच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ते दोन वर्षं पुढे होते. पुढे ते अमेरिकेत शिकायला गेले, मक्याच्या शेतांच्या मधोमध असलेल्या एका विद्यापीठात, आणि तिथून दोन गोष्टी घेऊन आले. एक म्हणजे त्यांचं काम. स्टेडियममधल्या प्रत्येक खुर्चीवरून खेळ दिसतो की नाही, पुढच्याच्या डोक्यावरून नजर मैदानापर्यंत पोचते की नाही, हे तपासायचं. या कामाला माणूस लागतो हे मला त्यांच्यामुळेच कळलं. दुसरी म्हणजे त्यांच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचं वेड. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, हातात बॉल धरून धावायचा अमेरिकन खेळ. अख्खं दोहा वर्ल्ड कपच्या तयारीत बुडालेलं, रोज नवा रस्ता खणलेला, रोज नवं वळण, आणि अबू हमूरच्या त्यांच्या व्हिलात शनिवारी संध्याकाळी हा माणूस तिसऱ्याच खेळासाठी घसा कोरडा करत बसलेला असायचा. तिकडे दुपार व्हायला लागते तेव्हा इकडे संध्याकाळ उलटते, त्यामुळे मॅच बरोबर जेवणाच्या वेळेला यायची. आई-बाबा शनिवारी आठवड्याची खरेदी करायचे आणि मला काकूंकडे सोडून जायचे. मी आठवी-नववीत असेन. कोपऱ्यात पुस्तक उघडून बसायचे आणि पुस्तकाच्या वरून सगळं बघायचे.

दुसरे प्रेक्षक म्हणजे सायमन अंकल. ते वसईचे, इथे एका हॉस्पिटलच्या ऑफिसात. जवळच्या चर्चमधून मिस्सा आटोपून ते थेट इकडे यायचे, इस्त्रीच्या शर्टात. अमेरिकेत त्यांनी आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं, पण काकांच्या कॉलेजचा जो पिढ्यान्‌पिढ्यांचा वैरी संघ, त्याचे ते पक्के भक्त होते. का, तर पहिल्याच दिवशी काकांनी त्या संघाला शिव्या घातल्या म्हणून. “विन्या एवढा चिडतो म्हणजे टीम चांगली असणार,” असं ते शांतपणे सांगायचे.

एका वर्षी बातमी आली की काकांच्या कॉलेजची मोठी मॅच त्यांच्या स्वतःच्या मैदानावर न होता एका महानगरातल्या बेसबॉल स्टेडियममध्ये होणार. त्या दिवशी काकांचा जो पारा चढला, तो मी पुन्हा कधी पाहिला नाही. काकूंनी नुकत्याच पोळ्या केल्या होत्या. काकांनी त्यातल्या एका पोळीचा चतकोर फाडून ताटलीत ठेवला. “हे बेसबॉलचं मैदान. टोकाशी बॅटवाला उभा. सगळ्या खुर्च्यांची तोंडं या टोकाकडे. बरोबर?” मग डब्यातलं एक लांबट बिस्कीट त्या चतकोरावर आडवं टाकलं. “आणि हे आपलं ग्राउंड. आता मला सांग, या इथे बसलेल्या माणसाने मान किती मोडायची? आणि जागा नाही म्हणून दोन्ही टीम उभ्या कुठे, तर एकाच बाजूला!”

“आपल्याकडच्या कार्यालयासारखं,” सायमन अंकल म्हणाले, “मुलाकडचे न्‌ मुलीकडचे एकाच पंगतीत. प्रेम वाढतं.”

“मस्करी नको, सायमन.”

“अरे, पण लोकांना मजा येणार ना? एवढं मोठं शहर, एवढं जुनं स्टेडियम, लायटिंग. आयुष्यात एकदा असं बघायला मिळतं. नातवंडांना सांगतील.”

“काय सांगतील? मी होतो तिथे, एवढंच सांगतील. काय बघितलं ते सांगता येणार नाही. तिकीट काढून आलेला माणूस खेळ बघायला येतो की फोटो काढायला?”

अंकलनी बिस्कीट उचललं आणि तोंडात टाकलं. “खलास. मॅच कॅन्सल.”

स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, “तुम्ही दोघं त्या स्टेडियमच्या बारा हजार किलोमीटर लांब आहात! पानं घेतलीयेत!” मी पुस्तकाआड तोंड लपवून हसले. पण त्या रात्री काकांनी त्यांच्या कॉलेजच्या चाहत्यांच्या साइटवर भलंमोठं पत्र टाकलं, आणि पुढचे कित्येक दिवस तिकडचे अनोळखी लोक त्यांच्याशी भांडत होते. कुणी म्हणे, बाहेरच्या मैदानावर खेळल्याने कॉलेजचं नाव होतं, नवी मुलं येतात. कुणी म्हणे, रडूबाई, घरी टीव्हीवर बघ. टीव्हीवर बघ म्हणणाऱ्याला काकांनी उत्तर दिलं होतं, ते त्यांनी मला वाचून दाखवलं. त्यात एवढंच होतं की टीव्हीवर खेळ तुम्हाला कुणीतरी दाखवतं, खुर्चीत बसून तो तुम्ही स्वतः बघता, आणि ती खुर्ची चुकीच्या दिशेला तोंड करून असेल तर तुम्हाला फसवलंय. मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं होतं…

मग त्यांच्या कंपनीचा फॅमिली डे आला. उभ्या राहत असलेल्या एका स्टेडियममध्ये त्यांनी आम्हाला नेलं, मला आणि त्यांच्या मुलाला, अथर्वला. डोक्यावर ढिली हेल्मेटं, पायात मोठाले बूट, सगळीकडे सिमेंटचा ओलसर वास. खाली गवत नव्हतंच, नुसती माती, आणि एका कोपऱ्यात काठीला पिवळं फडकं बांधून रोवलेलं. आम्ही अगदी वर चढलो. काकांनी मला एका खुर्चीत बसवलं, जिच्यावर अजून प्लास्टिक होतं.

“कोपऱ्यातला झेंडा दिसतो का?”

“It’s fine, uncle.”

“फाइन म्हणजे काय? मराठीत सांग, म्हणजे मला खरं वाटेल.”

मी मराठीत बोलायला लाजायचे. शाळेत कुणी बोलत नसे, घरी मी उत्तरं इंग्रजीत द्यायचे आणि माझा ‘ळ’ ऐकून आजोळची मंडळी हसायची. पण काका थांबून राहिले. घाई नाही, चिडणं नाही. शेवटी मी म्हणाले, “दिसतो. पण समोर कुणी उभं राहिलं तर नाही दिसणार.” त्यांनी अथर्वला माझ्यापुढे उभं केलं. पिवळं फडकं गायब. काका इतके खूश झाले, जणू मी त्यांना बक्षीस दिलं होतं. खिशातून टेप काढून मापं घेत ते स्वतःशीच बडबडत होते. माझं मत विचारून कुणी त्याप्रमाणे काही केलं, असं माझ्या बाबतीत तोपर्यंत घडलेलं नव्हतं. परत येताना गाडीत ते म्हणाले, “इरा, तू नेहमी मागे का बसतेस?” मी म्हणाले, “मागून सगळं दिसतं.” ते म्हणाले, “तेच तर! पुढे बसणाऱ्याला फक्त इतरांना दिसायचं असतं.”

आपल्याकडे पहिल्या रांगेचं जे प्रस्थ आहे, त्याची त्यांना मनापासून चीड होती. कुठलाही कार्यक्रम घ्या, पुढे सोफे, सोफ्यांपुढे टीपॉय, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या आणि फुलं. तिथे बसलेल्याला स्टेजवरच्या नाचणाऱ्या मुलीचे पाय कधी दिसत नाहीत, वर बघून मान आखडते, मागच्या दहा रांगांना सोफ्याची पाठ दिसते. तरी ती जागा मानाची. एकदा गणपतीच्या कार्यक्रमात त्यांना पुढे बोलावलं, तर ते माइकवर म्हणाले होते, “मी इथे मागे बरा आहे, तुमचा कार्यक्रम बघायला आलोय.” लोक हसले होते. विनोद वाटला होता सगळ्यांना.

त्यानंतर आजार आला. स्नायूंचा. आधी बोटं, मग पाय. टेप धरता येईना तेव्हा त्यांनी साइटवर जाणं सोडलं. शनिवारची मॅच मात्र चालू राहिली. आता सायमन अंकल त्यांना भरवायचे आणि भरवताना मुद्दाम आपल्या टीमचं कौतुक करायचे, म्हणजे काकांना तोंड भरलेलं असताना उत्तर देता येऊ नये. बोलणं संथ झालं होतं, पण भांडण तेच होतं. बदलले ते बाकीचे लोक. एवढी वर्षं ज्यांना त्यांचं काम काय ते माहीत नव्हतं, त्यांच्यासाठी ते एकदम ‘शिल्पकार’ झाले, ‘प्रेरणा’ झाले. लोक भेटायला यायचे, त्यांच्याशी कमी आणि त्यांच्याबरोबरच्या सेल्फीशी जास्त बोलायचे. काका मला म्हणाले, “मी आता बघण्यासारखी वस्तू झालोय, बघ.”

गेल्या हिवाळ्यात मंडळाची क्रिकेट स्पर्धा होती. उम्म सलालच्या बाजूला ज्या वाळूच्या मोकळ्या जागेवर आमचे लोक वर्षानुवर्षं खेळायचे, तिथे रस्त्याच्या कामाचे पत्रे लागले होते. म्हणून फायनलसाठी एका शाळेचं फुटबॉलचं मैदान मिळवलं. लांबट, हिरव्या प्लास्टिकच्या गवताचं, एकाच लांब बाजूला प्रेक्षकांचा स्टँड. काकांनी सेक्रेटरींना घरी बोलावून सांगितलं की खेळपट्टीची मॅट लांबीच्या दिशेने टाकणार असाल तर स्टँडमधून सगळं आडवं दिसेल. बॉलर दिसेल, बॅट्समन दिसेल, पण बॉल काय करतो ते कळणार नाही. तेव्हा निदान काही खुर्च्या गोलपोस्टच्या मागे ठेवा. सेक्रेटरी हसले. “काका, ग्राउंड मिळालं हेच नशीब समजा. तुमचं ते बेसबॉल परत नको!” काका म्हणाले, “बरं, मग माझी एकट्याची खुर्ची मागे ठेवा.” सेक्रेटरी म्हणाले, “डन, काका. इन्शाल्ला.” मी तिथेच होते, मी ऐकलंय.

त्यांना मागेच का बसायचं होतं, ते नीट सांगते, कारण सगळं त्यातच आहे. अथर्व लेगस्पिन टाकायचा. लहानपणी कंपाउंडच्या पार्किंगमध्ये काकांनीच त्याला चेंडू धरायला शिकवलं. पुढे तो पुण्याला कॉलेजात गेला, तिथल्या टीममध्ये आला, आणि काका त्याची बॉलिंग फक्त फोनवरून ऐकत राहिले. त्या सुट्टीत तो आला होता आणि फायनल खेळणार होता. पुढची सुट्टी येईपर्यंत मान तरी ताठ राहील याची खात्री नाही, असं काकांना डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. ते मला म्हणाले, “स्पिन बाजूने दिसत नाही, इरा. नुसता बॉल पडला न्‌ गेला. मागून बघावा लागतो. एकदाच बघायचाय मला.” एवढंच मागणं होतं. वर्ल्ड कप नव्हे. मंडळाच्या मेसेजमध्ये जी इच्छा लिहिली आहे ती त्यांची नव्हतीच.

फायनलच्या दिवशी आम्ही पोचलो तर गोलपोस्टमागे काहीच नव्हतं. स्टँडसमोर, मैदानाला लागून मांडव, त्यात सोफे आणि सोफ्यांच्या रांगेत व्हीलचेअरसाठी ठेवलेली मोकळी जागा. वर फुगे. काकूंना दोन बायकांनी पुढे होऊन मिठ्या मारल्या, स्वयंसेवकांनी खुर्ची ताब्यात घेतली आणि काका पहिल्या रांगेत गेलेसुद्धा. समोर ट्रॉफ्यांचं टेबल. मग शाल आली, बुके आला. काकांचे हात उचलले जात नव्हते, बुकेचं सेलोफेन थेट हनुवटीला लागत होतं आणि त्या चकचकीत कागदापलीकडे त्यांना मैदान सोडाच, टेबलही दिसत नसणार. “हे खाली ठेव गं,” ते म्हणाले. मी ठेवला. एका स्वयंसेवकाने लगेच उचलून परत मांडीवर ठेवला. “चीफ गेस्ट येतायत, फोटो व्हायचाय.”

मॅच सुरू झाली होती. चीफ गेस्ट नेमके अथर्वच्या हातात बॉल आला तेव्हा आले. काकांशेजारच्या सोफ्यावर टेकून त्यांनी फोटो काढून घेतला, मग सेक्रेटरींनी माइक घेतला आणि मांडवातले सगळे उभे राहिले. म्हणजे आता काकांसमोर टेबल, बुके आणि माणसांच्या पाठी.

“इरा, मला तिकडे ने.”

सेक्रेटरींनी माइकवर हात ठेवला. “काका, दोनच मिनिटं. सत्कार होऊ द्या.”

“सत्कार नंतर कर रे. माझा पोरगा बॉलिंग टाकतोय.”

“मग इथूनच बघा की! एकदम फ्रंट रो!”

मला वाटतं, ते वाक्य ते मनापासून बोलले. त्यांना खरंच वाटत होतं की आपण काकांना चांगलं काहीतरी देतोय, आणि मला त्याचाच संताप येतो. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. मी व्हीलचेअरचा ब्रेक काढला. तोंडातून फक्त “एक्स्क्यूज मी” निघालं, तेही पुटपुटल्यासारखं. बुके खाली पडला, तो मी उचलला नाही. सायमन अंकल कुठून तरी धावत आले, “यल्ला, यल्ला, चला,” म्हणत त्यांनी खुर्ची पुढून धरली आणि आम्ही मैदानाच्या कडेकडेने निघालो. त्या प्लास्टिकच्या गवतात काळ्या रबराचे दाणे असतात, चाकं रुतत होती. मागे माइकवर कुणीतरी “अरे, कुठे चाललात?” म्हणत होतं आणि अख्खा स्टँड माझ्याकडे बघत होता. अर्ध्या वाटेत मोठा आरडाओरडा झाला. अथर्वने विकेट काढली होती. आमची तिघांची पाठ होती तिकडे.

आम्ही गोलपोस्टमागे पोचलो तेव्हा दुसरा मुलगा बॉल टाकत होता. अथर्वच्या वाट्याला दोनच ओव्हर्स होत्या, त्या संपल्या होत्या.

“झालं?” काकांनी विचारलं.

“झालं,” मी म्हणाले.

त्यांनी पुढचा एक बॉल बघितला. मग म्हणाले, “इथून छान दिसतंय पण.” आणि उरलेली मॅच त्यांनी खरोखर बघितली, प्रत्येक बॉल. तेवढं श्रेय कुणी घेऊ नये, ते त्यांचं होतं.

मॅच संपल्यावर सगळे मांडवाकडे धावले. अंकलनी अथर्वला दंड धरून आमच्याकडे आणलं. “बाबांनी तुझा एक बॉल बघितलेला नाही.” अथर्वला पटेना. त्याने बॉल हातात घेताना मांडवात बाबा बसलेले पाहिले होते. शाल पाहिली होती. मी सांगितलं, मांडवातून काय दिसत होतं ते. तो गेला आणि बॉल घेऊन आला. अंकल इस्त्रीच्या शर्टात स्टंपमागे वाकले, गुडघ्यावर हात टेकून कण्हत. मला बॅट दिली. मी आयुष्यात कधी बॅट धरली नव्हती, कुदळीसारखी धरली. पहिला बॉल माझ्या पायांच्या मागच्या बाजूला लांब पडला, आता बाहेर जाणार म्हणून मी सोडला आणि तो वळून आत येत माझ्या पायामागून स्टंपवर गेला. काकांच्या गळ्यातून एक आवाज आला, तसा मी त्यांच्या कॉलेजच्या टीमसाठीही कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात मांडवातून पुकारा सुरू झाला. “बेस्ट बॉलर… अथर्व… अथर्व कुठे आहे? कृपया लवकर स्टेजकडे…”

अथर्वने बाबांकडे बघितलं.

“बोलवू दे त्यांना,” काका म्हणाले. “अजून एक टाक.”

पुकारा खूप वेळ चालू होता. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी बाबांना फोन करून सांगितलं की चीफ गेस्टसमोर मंडळाचा अपमान झाला. बाबा मला म्हणाले, “सॉरी म्हणून टाक, विषय संपव.” मी म्हटलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही. शोकसभेत तोच फोटो मोठा करून लावला होता, शाल आणि बुकेवाला, आणि चार जणांनी भाषणात पहिल्या रांगेचा उल्लेख केला. शैलाकाकू मान खाली घालून ऐकत होत्या. मी शेवटच्या रांगेत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून हा लेख.

गेल्या शनिवारी काकूंनी आम्हाला बोलावलं. कॉलेज फुटबॉलचा नवा मोसम सुरू झालाय. सायमन अंकल आले, मिस्साहून, त्याच इस्त्रीच्या शर्टात, आणि सोफ्यावर आपल्या नेहमीच्या जागी बसले. माझ्या कोपऱ्यात काकूंनी धुतलेले कपडे ठेवले होते, म्हणून मी काकांच्या जागेवर बसले. हॉलच्या मधल्या चौकोनी खांबाजवळची ती जागा. आजाराआधी तिथे त्यांची खुर्ची असायची, नंतर व्हीलचेअर, आणि त्यांच्याखेरीज तिथे कधी कुणी बसलंच नव्हतं. मॅच सुरू झाली. मला टीव्हीचा डावीकडचा भाग दिसेना. मी पुढे सरकले, मागे सरकले. खांब मध्ये येत होता. बॉल डावीकडे गेला की खेळ खांबाआड.

“अंकल,” मी म्हणाले, “इथून अर्धं दिसतच नाही.”

अंकल उठून आले, माझ्या शेजारी वाकले आणि टीव्हीकडे बघत राहिले. काकू हात पुसत दारात आल्या. “सोफा आला तेव्हा मी म्हटलं होतं त्यांना, तुम्ही तिकडे बसा,” त्या म्हणाल्या. “म्हणाले, सायमनला दिसू दे. पोरीला दिसू दे. मी तुम्हाला विचारून घेईन.” आणि विचारायचेच ते. कोण धावला, लाइनच्या आत होता का, कुणी पकडला. एवढी वर्षं मला वाटत होतं, ते मला खेळ शिकवण्यासाठी विचारतात.

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा विनूकाकांचाच राग आला. जगभरातल्या खुर्च्यांसाठी भांडलात, आणि स्वतःच्या घरात… मी तिथून उठले नाही. अंकल सोफ्यावर परत गेले आणि थोड्या वेळाने, मी न विचारताच, खांबाआडचं मोठ्याने सांगायला लागले.